वाटीतून ग्रॅममध्ये: आपल्या स्वयंपाकघराचा स्वतःचा तक्ता

‘चार वाट्या बेसन, सव्वा वाटी तूप, अडीच वाट्या पिठीसाखर.’ आईने किंवा सासूबाईंनी फोनवर लाडवांचं प्रमाण सांगितलं की त्यांच्या दृष्टीने कृती पूर्ण झालेली असते. त्यांची वाटी वर्षानुवर्षं त्याच पिठाच्या डब्यात पडलेली असते. नव्याने स्वयंपाक शिकणाऱ्याचं घोडं इथेच अडतं. कुठली वाटी? आमटीची, दह्याची, की मुलांच्या वरणभाताची?

एक दिलासा आधी देऊन ठेवते. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले तर वाटी लहान असो की मोठी, पदार्थ बिघडत नाही; लाडू कमीजास्त होतील एवढंच. त्यामुळे रोजच्या स्वयंपाकात प्रत्येक गोष्टीचे ग्रॅम करत बसायची गरज नाही. वजन लागतं ते ठरावीक ठिकाणी: दुकानातून बेसन किती आणायचं हे ठरवताना, चार वाट्यांची कृती किलोच्या हिशेबात वाढवताना, केक किंवा पावासारख्या भाजून करायच्या पदार्थांत, आणि जिची वाटी तुम्ही पाहिलेलीच नाही अशा कुणाची कृती करून बघताना.

वाटीचे ग्रॅम सांगणारे तयार तक्ते तर इंटरनेटवर पायलीचे पन्नास मिळतात. त्यातला एकही तुमच्या वाटीला चपखल बसणार नाही. कारण साधं आहे, तो बनवणाऱ्याची वाटी वेगळी, पीठ वेगळं आणि भरायची पद्धतही वेगळी. एका दुपारी तासभर काढून आपला तक्ता आपणच करावा. त्याची रीत खाली देते.

काटा कसा असावा

घरासाठी साधा डिजिटल वजनकाटा पुरतो. ५ किलोपर्यंत मोजणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा घ्या. त्यावर ‘टेअर’ नावाचं बटण असतं. रिकामं भांडं काट्यावर ठेवून ते दाबलं की आकडा शून्यावर येतो, मग जे घालाल त्याचंच वजन दिसतं. एकाच पातेल्यात एकामागून एक जिन्नस मोजायचे असतील तर दर वेळी हे बटण दाबायचं. वाट्या धुवायचं कामही वाचतं.

काटा सपाट ओट्यावर ठेवा. नॅपकिनवर, वर्तमानपत्राच्या घडीवर किंवा उंचसखल फरशीवर ठेवला तर तो खोटं बोलतो. गरम कढई थेट काट्यावर ठेवू नये. बरेच काटे दोनेक मिनिटं हात लागला नाही की आपोआप बंद होतात, आणि मधेच साखरेचा डबा शोधायला गेलात तर मागचा आकडा गेला म्हणून समजा. म्हणून प्रत्येक आकडा लगेच लिहून टाकायचा.

नवा काटा बरोबर दाखवतोय का, हे दुधाच्या पिशवीवरून साधारण कळतं. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, १ मिली म्हणजे सुमारे १.०३ ग्रॅम. अर्ध्या लिटरचं दूध ५१५ ग्रॅमच्या आसपास भरतं, वर पिशवीचे दोन-चार ग्रॅम. काटा ४८० किंवा ५५० दाखवत असेल तर आधी बॅटरी बदलून पाहा, तरीही तसंच असेल तर काटा बदलून घ्या.

आधी वाटी मोजा

घरातली एकच वाटी ‘मापाची’ म्हणून ठरवून टाका. भांड्यांवर नाव घालून घेतलेली एखादी असेल तर उत्तम, बाकीच्या वाट्यांत मिसळली तरी ओळखू येते. बुडाशी निमुळती किंवा काठाला बाहेर वळलेली वाटी टाळा, कारण काठाशी सपाट करताना तिथे गोंधळ होतो.

कोरडी वाटी काट्यावर ठेवा, शून्य करा आणि काठोकाठ पाणी भरा. बाहेर सांडलेलं पुसून घ्या. जो आकडा दिसेल तेवढे मिली तुमच्या वाटीत मावतात, कारण १ मिली पाणी जवळजवळ १ ग्रॅमच भरतं. १०० मिलीपासून २०० मिलीपर्यंत काहीही निघू शकतं. पुढच्या सगळ्या हिशेबात मी १५० मिलीची वाटी धरली आहे. तुमची वेगळी असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

भरायची पद्धत एकदाच ठरवा

सगळा घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबते.

बेसन घ्या. चाळून घेतलेलं बेसन चमच्याने अलगद वाटीत टाकलं आणि वरून सुरीच्या पाठीने सपाट केलं, तर १५० मिलीच्या वाटीत साधारण ६० ग्रॅम बसतं. तीच वाटी डब्यात खुपसून भरली, ओट्यावर दोनदा आपटली आणि पुन्हा भरली, तर आकडा ८० ग्रॅमपर्यंत जातो. दोन्ही वेळा तुम्ही म्हणणार ‘एक वाटी बेसन’. चार वाट्यांत हा फरक ८० ग्रॅमचा झाला, म्हणजे अख्खी एक वाटी पीठ जास्त. मग लाडू कोरडे झाले की दोष तुपाला.

कणीक, मैदा, तांदळाची पिठी, पिठीसाखर, दूध पावडर, या सगळ्या बारीक वस्तू अशाच वागतात. कणांमध्ये हवा असते, आणि डबा हलला, आपटला, आठवडाभर नुसता ठेवला तरी ती निघून जाऊन पीठ बसतं. गिरणीतून नुकतं आणलेलं पीठ आणि डब्याच्या तळाशी राहिलेलं पीठ एका वाटीत सारख्या वजनाचं भरत नाही. उलट साखर, तांदूळ, डाळी, रवा यांत असा फरक फार पडत नाही. तिथे फक्त शीग लावायची नाही, एवढं पाळलं की झालं.

माझा नियम असा: पीठ डब्यातच चमच्याने एकदा हलवून मोकळं करायचं, चमच्याने वाटीत घालायचं, आपटायचं नाही, दाबायचं नाही, सुरीच्या पाठीने शीग काढून टाकायची. हीच पद्धत बरोबर असा माझा आग्रह नाही. तुमच्या आईचा हात वाटी चेपून भरायचा असेल आणि तिच्या कृतीचं वजन काढायचं असेल, तर वाटी तिच्यासारखीच चेपून भरा. शक्य असेल तर तिलाच भरायला सांगा आणि काट्यावरचा आकडा तुम्ही वाचा. घरच्या कृती ग्रॅममध्ये उतरवून घ्यायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

आता प्रत्यक्ष मोजणी

नेहमी लागणारे दहा-बारा जिन्नस घ्या. प्रत्येकाची वाटी तीन वेळा भरून वजन करा आणि सरासरी लिहा. तिन्ही आकडे दोन-चार ग्रॅमच्या आत आले तर तुमचा हात बसला. पंधरा ग्रॅमचा फरक येत असेल तर भरायची पद्धत दर वेळी बदलते आहे, पुन्हा करा.

पडताळून पाहायला खाली १०० मिलीला किती ग्रॅम हे देते. हे अंदाजाचे आकडे आहेत. तुमचा आकडा थोडा इकडेतिकडे असेल तर तुमचाच धरा, पण फारच दूर असेल तर मोजणीत काही चुकलंय का ते पाहा.

पाणी १००
दूध आणि दही १०३
तेल ९१ ते ९२
वितळलेलं तूप ९१
मध १४०
साखर ८३ ते ८५
पिठीसाखर ५० ते ५५
बारीक मीठ १२०
तांदूळ ८० ते ८५
तूरडाळ, चणाडाळ ८० ते ८५
रवा ७०
साबुदाणा ६४
शेंगदाणे ६२
तांदळाची पिठी ६० ते ६५
मैदा आणि कणीक ५० ते ५५
बेसन ४० ते ५३
ओला खवलेला नारळ, न दाबता ३५

पोहे मुद्दामच यात घेतले नाहीत. पातळ पोहे, जाडे पोहे, दगडी पोहे यांचं वजन इतकं वेगवेगळं येतं की एकच आकडा देण्यात अर्थ नाही. चिवड्यासाठी पोहे नेहमी वजनानेच घ्या.

तक्त्यावरून आपल्या वाटीचं वजन काढायचं तर वाटीचे मिली गुणिले तक्त्यातला आकडा, भागिले १००. १५० मिलीच्या वाटीत रवा १०५ ग्रॅम. म्हणजे अर्ध्या किलोच्या पाकिटात सपाट पावणेपाच वाट्या. शिऱ्याची, रवा लाडवांची कृती वाट्यांत असेल तर किती पाकिटं आणायची ते दुकानात उभ्या उभ्या ठरवता येतं.

तेलाच्या बाबतीत काम आयतं झालेलं असतं. एक लिटरच्या पिशवीवर पुष्कळदा ‘१ लिटर (९१० ग्रॅम)’ असं छापलेलं दिसतं. तेल तापलं की फुगतं, तेवढ्याच लिटरमध्ये वजनाने कमी बसतं. त्यामुळे कुठल्या तापमानाचा लिटर हा प्रश्न येतोच, आणि २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने तेल उत्पादकांना पिशवीवर तापमानाचा उल्लेख न करता निव्वळ माप आणि वजन छापायला सांगितलं. घरच्या स्वयंपाकाला ९१ चा आकडा पुरेसा आहे.

मापाने मोजायची सवय आपल्याकडे जुनी आहे. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक पद्धत आली आणि बाजारात किलो-लिटर रुळले, तरी खेड्यांत धान्य पायलीने मोजणारे लोक अजून भेटतात. गावोगावची पायली सारखी नव्हती, तेव्हा ‘कुठली वाटी’ हा प्रश्न काही आजचा नाही.

वाटी आणि ग्रॅम यांची गल्लत होते ती ठिकाणं

उकडीच्या मोदकांचं प्रमाण सगळ्यांना पाठ असतं, एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. काटा नवा आणला की उत्साहात काहीजण १०० ग्रॅम पिठीला १०० ग्रॅम पाणी घेतात आणि उकड कोरडी होऊन पारीला भेगा पडतात. १५० मिलीच्या वाटीत पिठी भरते ९५ ग्रॅमच्या आसपास आणि पाणी १५० ग्रॅम. म्हणजे वजनाने १०० ग्रॅम पिठीला पाणी हवं १५५ ते १६० ग्रॅम. भाताचंही तेच. एक वाटी तांदूळ आणि दोन वाट्या पाणी म्हणजे १२५ ग्रॅम तांदळाला ३०० ग्रॅम पाणी. वाटीतलं ‘एकास दोन’ वजनात ‘एकास दोन’ राहत नाही. ग्रॅममध्ये जायचं तर सगळे जिन्नस न्या, अर्धे वाटीत आणि अर्धे काट्यावर असं करू नका.

दुसरी जागा पिठीसाखरेची. ‘एक वाटी साखर, दळून’ आणि ‘एक वाटी पिठीसाखर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात १२५ ग्रॅमच्या आसपास साखर आहे, दुसरीत फक्त ८० च्या आसपास. दळल्यावर साखर फुगते आणि एका वाटीची दीडपेक्षा जास्त वाट्या होते. कृती सांगणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा: मोजायची दळण्याआधी की दळल्यावर? शेंगदाण्यांच्या कुटाचं आणि खवलेल्या नारळाचंही असंच विचारून घ्यावं.

तुपाच्या बाबतीत काट्याची खरी सोय होते. थंडीत थिजलेलं तूप वाटीत भरलं की मधे पोकळ्या राहतात, वितळलेलं भरलं की जास्त मावतं. वजन मात्र थिजलं काय, वितळलं काय, तेवढंच. दिवाळीचे लाडू डिसेंबरात पुन्हा केले आणि बिघडले, तर आधी तुपाकडे पाहा.

गूळ कधीही वाटीने मोजू नये, हे माझं ठाम मत. ढेपेतून चिरलेला, किसलेला, मऊ, कडक, पावडर, प्रत्येकाचं वाटीतलं वजन निराळं. पुरणाला डाळ आणि गूळ दोन्ही काट्यावर घ्या आणि डाळ कच्चीच तोला. शिजलेल्या डाळीत किती पाणी आहे हे कुणालाच सांगता येत नाही.

लाडवांची कृती किलोत नेऊ

सुरुवातीची कृती घेऊ. वाटी १५० मिलीची, बेसन मोकळं पण न चाळता भरलेलं, वाटीला ७० ग्रॅम.

चार वाट्या बेसन २८० ग्रॅम. सव्वा वाटी वितळलेलं तूप म्हणजे १८७ मिली, ते झालं १७० ग्रॅम. अडीच वाट्या पिठीसाखर, वाटीला ७८ ग्रॅम धरून, १९५ ग्रॅम.

आता बेसनाला १०० धरा. तूप १७० भागिले २८०, म्हणजे ६१. साखर १९५ भागिले २८०, म्हणजे ७०. कृती झाली १०० : ६१ : ७०. ही तीन आकड्यांची ओळ वहीत लिहून ठेवली की वाट्या मोजायचं काम संपलं. एक किलो बेसनाला ६१० ग्रॅम तूप आणि ७०० ग्रॅम पिठीसाखर. पाऊण किलो केले तर तूप ४५८ आणि साखर ५२५ ग्रॅम. घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी तर प्रत्येक कृती अशीच लिहून ठेवावी, मालाची किंमत काढायलाही तीच उपयोगी पडते.

एक सावधगिरी. वजन कितीही अचूक केलं तरी लाडवासाठी जाडसर दळलेलं बेसन आणि भज्यांचं बारीक बेसन सारखं तूप पीत नाही. तूप पाऊण भागच घालून भाजायला घ्यावं, उरलेलं बेसनाचा रंग आणि सैलपणा पाहून. आणि बेसन भाजायच्या आधी तोलायचं, कारण भाजताना त्यातला ओलावा जातो आणि वजन थोडं घटतं.

चमच्यांचं काय

घरातला चहाचा चमचा आणि पोह्यांचा चमचा हे मापाचे चमचे नव्हेत. मापाचा छोटा चमचा ५ मिलीचा आणि मोठा १५ मिलीचा असतो. त्यांचा सेट स्वस्तात मिळतो, तो घेऊन ठेवा. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम, खायचा सोडा आणि बेकिंग पावडर साडेचार-पाच ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट सुमारे ३ ग्रॅम, हळद साधारण ३ ग्रॅम. खडे मीठ चमच्यात पोकळ बसतं, तिथे ६ चा आकडा चालणार नाही.

१ ग्रॅमचा फरक दाखवणाऱ्या काट्यावर २ ग्रॅम सोडा तोलायला जाऊ नका. एवढ्याशा वजनावर असा काटा भरवशाचा नसतो. सोडा, यीस्ट, जायफळ-वेलची चमच्यानेच घ्या. फारच मोठं प्रमाण करत असाल तर दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा वेगळा मिळतो.

आणि फोडणी, आमटी, भाजी, खिचडी यांना काटा लावूच नका. चिमूटभर हिंगाचे ग्रॅम काढण्यात हशील नाही, आमटीतलं मीठ जिभेनेच ठरतं.

‘कप’ लिहिलेली कृती

परदेशी कृतीतला ‘कप’ म्हणजे आपला चहाचा कप नव्हे. अमेरिकेतला कप सुमारे २४० मिलीचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा. ऑस्ट्रेलियात मोठा चमचासुद्धा २० मिलीचा असतो, इतर बहुतेक ठिकाणी १५ चा. आजकाल ब्रिटिश कृती बहुधा ग्रॅममध्येच असतात. तेव्हा कृती कुठली आहे ते आधी बघा. अमेरिकी कृतीत एक कप मैदा म्हणजे १२० ते १२५ ग्रॅम, एक कप साखर २०० ग्रॅम, एक कप लोणी २२७ ग्रॅम, आणि लोण्याची एक ‘स्टिक’ म्हणजे अर्धा कप, ११३ ग्रॅम. अंडी तिथल्या ‘लार्ज’ आकाराची धरलेली असतात, कवच काढून एक अंडं सुमारे ५० ग्रॅमचं. आपल्याकडची अंडी बऱ्याचदा लहान असतात, म्हणून केकला अंडी फोडून तोलून घेतलेली बरी.

परदेशात राहणाऱ्यांच्या घरी आणखी एक कप असतो, राइस कुकरबरोबर मिळणारा. तो बहुतेक १८० मिलीचा असतो, त्यात तांदूळ १५० ग्रॅमच्या आसपास मावतो, आणि कुकरच्या भांड्यावरच्या पाण्याच्या खुणा याच कपाच्या हिशेबाने असतात. भातासाठी तो खुशाल वापरा. अमेरिकी केकचा मैदा त्याने मोजलात तर पाव भाग कमी पडेल.